हवेचं टूल हातात घ्यायच्या आधी मागची लाईन बघा

हवेच्या टूलला, म्हणजे कॉम्प्रेसरच्या दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या टूलला, करंट नसतो, शॉक बसायची भीती नाही, मोटर जळत नाही, ओल्या फरशीवर वापरलं तरी चालतं, आणि एवढ्यावरनं फाउंड्रीत, गॅरेजात, फॅब्रिकेशनच्या शेडात सगळ्यांची पक्की समजूत झालेली आहे की हवेचं टूल म्हणजे बिनधोक टूल. नवीन पोरगं कामाला आलं की इलेक्ट्रिक ग्राइंडर देताना सुपरवायझर दहा सूचना देतो आणि हवेचा ग्राइंडर देताना म्हणतो, "घे, हवेचाच हाय." मला या "हवेचाच" वर आज सविस्तर लिहायचं आहे.

मी शिरोलीच्या बाजूला फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे. कॉम्प्रेसर, हवेची लाईन आणि फेटलिंगची सगळी टूलं माझ्याकडं. फेटलिंग म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगतो. साच्यातनं कास्टिंग, म्हणजे ओतलेला धातूचा भाग, निघालं की त्याला रेती चिकटलेली असते, रनर रायझर (साच्यात धातू जायच्या आणि भरून राहायच्या वाटा) तोडलेल्या जागी खुंट राहिलेले असतात, साच्याच्या जोडावर पातळ पापुद्रे आलेले असतात. हे सगळं चिपिंग हॅमरनं छिलून, ग्राइंडरनं घासून, आतल्या कोपऱ्यात पेन्सिल ग्राइंडर घालून साफ करायचं. कोल्हापूर भागात शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असं सगळीकडं हे काम चालतं आणि यातली बहुतेक टूलं हवेवरची. म्हणजे आठ-आठ तास, हातात.

आणि अपघात झाला की रिपोर्टात एकच वाक्य ठरलेलं, कामगाराचा निष्काळजीपणा. मला हे वाक्य पटत नाही. हवेच्या टूलचं असं आहे की ते टूल कामगाराच्या हातात येतं तेव्हा त्यातला निम्मा धोका आधीच ठरून गेलेला असतो, प्रेशर किती ठेवलंय, पाईप कसला आहे, क्लिप कोणी मारली, व्हॉल्व्ह कुठं बसवलाय, पाणी काढलं का, आणि यातली एकही गोष्ट त्या कामगाराच्या हातात नसते, ती माझ्यासारख्याच्या आणि माझ्यावरच्यांच्या हातात असते.

प्रेशरपासनं सुरू करतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच आहे.

हवेची बहुतेक हँड टूलं ६.३ बारला, म्हणजे साधारण ९० पीएसआयला चालवायसाठी बनवलेली असतात. टूलवर लिहिलेला आरपीएम (मिनिटाला फेरे) पण त्याच प्रेशरचा. आता होतं काय, शेड वाढत जातं, मूळ लाईन आठ-दहा टूलांसाठी टाकलेली असते त्यावर पंचवीस-तीस टूलं लागतात, ड्रॉप पाईप (मुख्य लाईनीतनं खाली टूलाकडं येणारा) बारीक, त्यात जागोजागी गळती, मग सगळी टूलं एकदम चालू असली की शेवटच्या माणसाच्या टूलला जेमतेम साडेचार बार मिळतात. ग्राइंडर दाबला की थांबतो. तो बिचारा ओरडतो, "सायेब, हवा न्हाई." मग काय करतात, लाईन मोठी करायला खर्च आणि शटडाऊन, म्हणून कॉम्प्रेसरचं सेटिंगच वाढवतात, साडेसात करा, आठ करा. नाहीतर त्या ठिकाणचा प्रेशर ठरवणारा रेग्युलेटर पूर्ण उघडून टाकतात, आणि काही ठिकाणी तर रेग्युलेटरच काढून सरळ निप्पल (पाईप जोडायचा तुकडा) जोडलेला मी बघितलाय.

आणि मग जेवणाची सुट्टी होते. बाकीची टूलं बंद. लाईनला गळती सोडून दुसरा लोड नाही. ज्याचं काम राहिलंय असा एकजण अर्धा तास आधी येऊन ग्राइंडर चालू करतो, आणि त्याच्या टूलला आता साडेचार नाही, पूर्ण आठ बार मिळतात. सकाळपासनं जे टूल दाबून धरावं लागत होतं ते एकदम अंगात आल्यासारखं पळतं. त्यात त्याची काय चूक? त्यानं तर गेजला हात पण लावलेला नाही.

म्हणून प्रेशर टूल चालू असताना, टूलच्या जवळ मोजायचं. भिंतीवरच्या एफआरएलच्या (फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) गेजवर टूल बंद असताना सहा दाखवतंय म्हणून खूश होऊ नका, ट्रिगर दाबा आणि मग काटा कुठं जातो ते बघा. दोन बारनं खाली आला तर लाईनचा, पाईपचा किंवा कपलरचा (पटकन जोडायच्या-सोडायच्या जोडाचा) आजार आहे आणि त्याला कॉम्प्रेसरचं सेटिंग हे औषध नाही. पाईपाचा मोठा बोअर (आतला व्यास), कमी कपलर, रिंग मेन (शेडभर फिरून परत जोडलेली मुख्य लाईन), गळती बंद, हा खरा इलाज. आणि प्रत्येक ठिकाणी रेग्युलेटर पाहिजेच, तो सेट करून कुलूपवाला नॉब लावायचा.

आता जास्त प्रेशरनं नेमकं काय बिघडतं ते सांगतो. ग्राइंडिंग व्हील फिरताना स्वतःलाच बाहेर खेचत असतं आणि हा ताण स्पीडच्या वर्गानं वाढतो, म्हणजे स्पीड सव्वापट झाला की ताण दीडपटीच्याही वर. बाजारात मिळणारी रेझिन बाँडची बहुतेक कटिंग आणि ग्राइंडिंग व्हील्स ८० मीटर प्रति सेकंदसाठी असतात. त्यातनं आरपीएम निघतो, १०० एमएमच्या व्हीलला साधारण १५,३००, १२५ ला १२,२५० च्या आसपास, २३० ला ६,६५० च्या आसपास. व्हीलवर छापलेलं असतं, ते वाचायचं. आता पेन्सिल ग्राइंडर बघा, हा सहज २०,०००-२५,००० आरपीएमनं फिरतो, त्याला छोटा बर (कातरणारं टोक) किंवा माउंटेड पॉईंट (दांडीवरचा छोटा घासायचा दगड) लावायचा असतो. पण ॲडाप्टर मिळतो, आणि "जरा कोपऱ्यात जातंय" म्हणून त्यावर चार इंची कटिंग व्हील लावणारे लोक आहेत. २०,००० आरपीएमवर त्या व्हीलची कड शंभर मीटर प्रति सेकंदच्या पुढं गेली, गार्ड नाही, आणि तोंड व्हीलच्या रेषेत. हे कुठंही दिसलं तर तिथल्या तिथं बंद करा, वाद नंतर घाला.

मोठ्या ग्राइंडरांना गव्हर्नर असतो. आत वजनं असतात, स्पीड वाढला की ती बाहेर फाकतात आणि हवा कमी करतात. चांगली गोष्ट आहे, पण बऱ्याच छोट्या टूलांना गव्हर्नर नसतोच, त्यांचा स्पीड सरळ प्रेशरवर असतो. आणि ज्यांना असतो त्यांचा गव्हर्नर अडकतो. कशानं? पाण्यानं.

आपल्याकडं जून ते सप्टेंबर ही लाईनची परीक्षा असते. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन खाली बसते, आणि कोल्हापूरच्या पावसात हवेतच इतकी वाफ असते की रिसीव्हरचा (हवा साठवायच्या टाकीचा) ड्रेन सकाळी उघडला की लालसर पाण्याची धार लागते. ड्रायर नसेल किंवा बंद पडला असेल तर हे पाणी टूलात जातं. व्हेन (टूलातली पाती) फुगतात, बेअरिंगला गंज, गव्हर्नरला गंज. टूल मंद झालं तर लोक तक्रार करतात, पण गव्हर्नर उघड्या बाजूला अडकून टूल जास्त पळायला लागलं तर कोण तक्रार करणार? उलट तेच टूल सगळ्यांना हवं असतं! "त्यो दोन नंबरचा ग्राइंडर द्या, लई भारी पळतोय." असं कोण म्हणालं की मी तो ग्राइंडर आधी काढून घेतो आणि टॅकोमीटर लावतो. डिजिटल टॅको काही फार महाग नाही. महिन्यातनं एकदा प्रत्येक ग्राइंडरचा मोकळा स्पीड कामाच्या प्रेशरला मोजायचा, रिपेअर होऊन आला की परत मोजायचा, टूलवर लिहिलेल्यापेक्षा जास्त आला की टूल बाहेर. ल्युब्रिकेटरमध्ये तेल आहे का बघायचं, तेही एअर टूलचं पातळ तेल, हाताला येईल ते नव्हे.

व्हीलचंही पावसाशी वैर आहे, रेझिन ओल धरतं. खोका जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवू नका. आणि मधल्या लोखंडी रिंगवर तारीख ठोकलेली असते ती बघा, रेझिन व्हीलची मुदत साधारण तीन वर्षं धरतात. स्टोअरमध्ये मागं पडलेला जुना माल ऐन घाईत पुढं येतो, म्हणून सांगतो.

आता व्हॉल्व्ह. माझ्या मते सगळ्या लेखात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

नियम सगळ्यांना पाठ असतो, व्हील बदलताना, छिन्नी बदलताना हवा बंद करा. भिंतीवर बोर्ड पण असतो. पण हवा बंद करायचा व्हॉल्व्ह कुठं असतो? वर, हेडरजवळ (मुख्य लाईनीजवळ), बारा फुटांवर. किंवा तीन टेबलं सोडून खांबाला, आणि तो बंद केला की आणखी चार जणांचं काम थांबतं. दिवसातनं पंधरा-वीस वेळा व्हील नाहीतर छिन्नी बदलणारा माणूस दर वेळेस तिथंवर जाईल असं धरून बोर्ड लावणं ही फसवणूक आहे. तो काय करतो, ट्रिगरवरनं बोट काढतो, पाईप गुडघ्याखाली दुमडून धरतो आणि पाना लावतो. एका हातानं व्हील, दुसऱ्यात पाना, टूल मांडीवर, आणि लिव्हर मांडीला घासला की संपलं.

आम्ही प्रत्येक जागेवर, टेबलाच्या उंचीला, हात लांब केला की मिळेल असा बॉल व्हॉल्व्ह बसवला. त्यातही साधा नाही, बंद केल्यावर पुढच्या पाईपातली हवा बाजूच्या बारीक भोकातनं सोडून देणारा, व्हेंटवाला. दिसायला जवळजवळ सारखाच. फरक कामात पडतो, कारण साधा व्हॉल्व्ह बंद केला तरी व्हॉल्व्हपासनं टूलपर्यंतच्या पाईपात पूर्ण प्रेशरची हवा भरलेली असते आणि तेवढी हवा टूलला झटका द्यायला भरपूर होते. हा व्हॉल्व्ह बसवल्यापासनं मला कोणाला सांगावं लागत नाही. लोक आपोआप बंद करतात, कारण ते सोपं झालं. तीच माणसं, तोच बोर्ड.

क्रम असा ठेवायचा. व्हॉल्व्ह बंद. मग टूलचं तोंड जमिनीकडं करून ट्रिगर दाबायचा, फुस्स होऊन आवाज पूर्ण थांबेपर्यंत दाबून ठेवायचा. परत एकदा दाबून खात्री. मग कपलर सोडायचा, आणि मग पाना. व्हॉल्व्ह साधा असेल तर ट्रिगर दाबायची पायरी कधीच चुकवायची नाही, कारण भरलेल्या पाईपाचा कपलर ओढला की पाईपाचं तोंड हातातनं सुटून उलटं तोंडावर येतं. आधी हवा सोडून मगच निप्पल सोडणारे सेफ्टी कपलर मिळतात, थोडे महाग आहेत, मी तरी तेच घ्या म्हणेन.

पाईपाचं म्हणाल तर तो कधी मधनं सहसा फुटत नाही, जातो तो टोकाला, निप्पलच्या शेजारच्या वीतभर भागात, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथं येतो. शिफ्ट सुरू करताना ते वीतभर दोन्ही हातांनी वाकवून बघायचं, चीर दिसते का, फुगवटा आहे का, आतला दोरा वर आलाय का. हिस्स आवाज येत असेल तर बोट फिरवून गळती शोधू नका, साबणाचं पाणी लावा. आणि बाइंडिंग वायर! निप्पलवर पाईप चढवायचा आणि पक्कडीनं तार पिळायची, हा प्रकार आपल्याकडं इतका चालतो की लोकांना त्यात काही वावगं वाटतच नाही. तार पाईपाला एका रेषेत कापत जाते आणि एक दिवस पाईप सुटतो. क्रिंप केलेले (टोकाला निप्पल मशीननं दाबून बसवलेले) पाईप घ्या, नाहीतर चांगला क्लॅम्प. जाड पाईपाच्या जोडांना दोन्ही बाजूंना धरणारी वायर रोपची सेफ्टी केबल लावायची. अमेरिकेच्या ओशाचा (कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) बांधकामासाठीचा नियम असा आहे की अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या आतल्या व्यासाचा पाईप असेल तर सप्लायच्या तोंडाला असं सेफ्टी डिव्हाइस पाहिजे जे पाईप फुटल्यावर प्रेशर कमी करेल. आपल्याकडं ते एअर फ्यूज नावानं मिळतं. पाईपाला धरून टूल वर ओढणं किंवा खाली सोडणं हेही त्याच नियमात मना केलंय, आणि मोठं कास्टिंग असलं की वर चढलेल्या माणसाला लोक नेमकं तसंच टूल देतात.

लिव्हरचं एक. चांगल्या ग्राइंडरच्या लिव्हरला पुढं छोटी कुलूपपट्टी असते, ती ढकलल्याशिवाय लिव्हर दबत नाही, आणि हात सुटला की टूल बंद. ती पट्टी काढलेली किंवा लिव्हर केबल टायनं बांधलेला दिसला तर त्या माणसावर ओरडण्याआधी विचारा का बांधलंय ते. बहुतेक वेळा स्प्रिंग इतकी कडक असते की दोन तासांत पंजा दुखतो. स्प्रिंग बदला, टूलची निगा घ्या. टाय मात्र लगेच काढा.

चिपिंग हॅमरला रिटेनर असतो, छिन्नी बाहेर उडू नये म्हणून. तो नसलेला हॅमर म्हणजे छिन्नी मारणारी बंदूकच आहे. छिन्नी कामावर टेकवल्याशिवाय ट्रिगर दाबायचा नाही, गंमत म्हणून हवेत तर अजिबात नाही. गॅरेजवाल्यांसाठी एवढंच, इम्पॅक्ट गनला काळे इम्पॅक्ट सॉकेटच लावा, चकचकीत क्रोमचे सॉकेट हातपान्यासाठी असतात, इम्पॅक्टच्या ठोक्यानं ते तडकतात आणि तुकडा डोळ्यात जातो. टायर दुकानातनं इम्पॅक्टला क्रोमचे सॉकेट लावलेले रोज दिसतात.

आता हवा मारणं. शिफ्ट सुटली की रांगेनं उभं राहून एकमेकांच्या अंगावर हवा मारून कपडे झाडतात, हे मी जिथं जिथं काम केलं तिथं बघितलंय. यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे फेटलिंगच्या कपड्यावरची धूळ साधी नाही, रेतीची आहे, त्यात सिलिका आहे, आणि जी धूळ कपड्याला चिकटून गप बसली होती ती तुम्ही उडवून नाकासमोर आणली. त्यातनं होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार बरा होत नाही. तसं तर टूलची स्वतःची एक्झॉस्टची हवासुद्धा टेबलावरची बारीक रेती दिवसभर उडवत असते, म्हणून एक्झॉस्टची दिशा कामापासनं आणि तोंडापासनं लांब वळवलेली पाहिजे आणि टेबलाला सक्शन पाहिजे. दुसरी गोष्ट, सहा बारची हवा जखमेतनं कातडीखाली जाऊ शकते, रक्तात गेली तर जीव जातो, डोळ्याला आणि कानाच्या पडद्याला तर धोका आहेच. ओशाचा नियम सफाईच्या हवेला ३० पीएसआयच्या खालीच परवानगी देतो, म्हणजे साधारण दोन बार, तेही उडणाऱ्या कणांना आडोसा आणि चष्मा असेल तरच, आणि ते मशीन साफ करायला, माणूस साफ करायला नाही. बाजूला भोकं असलेले सेफ्टी नोझल येतात, तोंड दाबलं तरी आतलं प्रेशर चढत नाही, ते घ्या. कपड्यांसाठी व्हॅक्यूम ठेवा.

आणि जी "मस्करी" असते, पाईप घेऊन कोणाच्या तरी मागनं हवा सोडायची, त्यानं आतडं फाटतं आणि माणसं मरतात. मरतात, आपल्याच देशात, पेपरात बातम्या येतात, आणि मेलेला बऱ्याचदा कोवळा पोरगा असतो आणि मारणारा त्याच्याच ओळखीचा. नवीन पोरांना पहिल्या दिवशी हे तोंड उघडून सांगा. लाजायचं कारण नाही. "हवाच तर हाय" या समजुतीतनंच ही मस्करी सुचते.

हे सगळं एका क्षणात घडणारं. आता जे वर्षानुवर्षं हळूहळू होतं ते, आणि त्याकडं कोणीच बघत नाही.

आमच्याकडं एक मामा होते, आयुष्य चिपिंग हॅमरवर काढलेले. हिवाळ्यात फर्स्ट शिफ्टला यायचे, मोटरसायकलवरनं उतरले की त्यांची बोटं मेणासारखी पांढरी पडलेली असायची, पेरापासनं टोकापर्यंत, आणि रेघ आखल्यासारखी कडा. अर्धा तास हात काखेत धरून बसायचे, मग बोटं लालभडक व्हायची आणि ठणकायची. "बोटं मेल्यागत झाल्यात बघा," म्हणायचे, "शर्टाचं बटान लावाय येत न्हाई, घरात नातीकडनं लावून घेतो." सगळ्यांना वाटायचं थंडी आहे, वय झालं. डॉक्टरला दाखवलं तर ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या. हाताला रोज धक्के देणारं काम करता का, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नाही.

हे नवीन नाही हो. १९१८ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डला चुनखडीचा दगड हवेच्या हॅमरनं घडवणाऱ्या कारागिरांना डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी तपासलं होतं, आणि थंडीत बोटं पांढरी पडणं, बधिर होणं, हे त्या टूलच्या कंपनामुळं आणि थंडीमुळं होतं असं स्पष्ट लिहून ठेवलं होतं. शंभर वर्षं उलटून गेली. कंपनानं बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. सुरुवातीला मुंग्या येतात, मग टोकं पांढरी, मग स्पर्श कमी, पकड कमी. लवकर थांबवलं तर काही प्रमाणात सुधारतं, उशीर झाला तर कायमचं. आणि हवेच्या टूलात आणखी एक त्रास, प्रेशरमधनं सुटलेली हवा थंड पडते, ती एक्झॉस्टमधनं बोटांवरच येत असेल तर कंपन आणि गारठा दोन्ही एकदम.

याचा हिशोब कसा करतात ते सांगतो कारण तो कामाचा आहे. युरोपात २००२ पासनं यावर डायरेक्टिव्ह (नियम) आहे, हाताला बसणारं कंपन आठ तासांच्या सरासरीवर २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की मालकानं उपाय सुरू करायचे, आणि ५ ही वरची मर्यादा. गणितात खुबी अशी की कंपन दुप्पट झालं तर वेळ निम्मा नाही, पावपट होतो. टूलचं कंपन १० असेल तर अर्ध्या तासात तुम्ही २.५ ला पोचता आणि दोन तासांत ५ ला. २० असेल तर ५ गाठायला अर्धा तास पुरतो. आणि हा ट्रिगर दाबलेला वेळ आहे, शिफ्टचा नाही. तरीही चिपिंगवाल्याचा दिवसातला ट्रिगर वेळ एकदा घड्याळ लावून मोजा, मला सांगायची गरज पडणार नाही. आकडा टूलच्या माहितीपुस्तकात असतो, खरेदीच्या वेळी मागा, दोन हॅमरमध्ये कमी कंपनाचा असेल तो घ्या, जरा महाग असला तरी. बोथट छिन्नी आणि डगमगणारं व्हील कंपन वाढवतं, म्हणून छिन्नी वेळेवर पाजळून द्या. माणसं आलटून पालटून लावा, एकच मामा हॅमरवर आणि दुसरा कायम हलक्या कामावर असं नको. पकड लागेल तेवढीच घट्ट. हातमोजे घाला, हात उबदार राहतात, कापत नाही, पण "अँटी व्हायब्रेशन" छापलेल्या मोज्यावर विसंबू नका, हॅमरच्या मोठ्या धक्क्यांना ते फारसं अडवत नाहीत. आणि ज्याला सकाळी बोटं पांढरी दिसतात त्यानं मोबाईलवर तेव्हाच फोटो काढून ठेवावा, डॉक्टरकडं जाईपर्यंत बोटं नॉर्मल होतात आणि मग कोणी विश्वास ठेवत नाही. हा सल्ला आम्ही मामांनंतरच्या लोकांना देतो आणि त्याचा उपयोग झालाय.

कानाचं थोडक्यात. हवेचा ग्राइंडर, चिपिंग, एअर गन, सगळेच ९० डेसिबलच्या वर सहज जातात, एक्झॉस्टला सायलेन्सर असतो तो चोंदला की लोक काढून फेकतात. फेकू नका, धुवा नाहीतर बदला. कानात प्लग घाला. डोळ्याला चष्मा आणि ग्राइंडिंगला त्यावर फेस शील्ड, नुसती शील्ड नाही, खालनं कण आत येतात.

एक राहिलं, कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून ऑक्सिजनच्या सिलिंडरवर टूल चालवणं. टूलात तेल असतं. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आला की स्फोट होतो. कधीही नाही, पाच मिनिटांसाठी पण नाही.

आता खर्च. मालक लोकांशी बोलताना मी कायद्याचं नाव काढत नाही फारसं, पण माहीत असावं म्हणून, १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात (२०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कोड आला) १९८७ च्या दुरुस्तीनं कलम ७ए आलं आणि त्यात प्लांट आणि कामाची पद्धत सुरक्षित ठेवायची जबाबदारी ऑक्युपायरवर, म्हणजे कारखान्याचा ताबा असणाऱ्यावर, टाकली. कामगार कॉन्ट्रॅक्टरचा असला तरी लाईन कंपनीची असते ना. फेटलिंग बहुतेक ठिकाणी कॉन्ट्रॅक्टवर असतं, टूल कॉन्ट्रॅक्टरचं, हवा कंपनीची, पाईप कोणाचा ते कोणालाच माहीत नाही, आणि अपघात नेमका त्या पाईपाच्या जोडावर होतो. म्हणून ऑर्डरमध्येच लिहून घ्या, ड्रॉपपासनं टूलपर्यंतचा पाईप, क्लॅम्प, व्हॉल्व्ह कोण बदलणार. आम्ही ते कंपनीकडं घेतलं, आणि गळती कमी झाल्यामुळं कॉम्प्रेसर आधीपेक्षा कमी वेळ लोडवर चालतो, विजेच्या बिलात ते दिसतं, त्यामुळं पुढच्या व्हॉल्व्हांना मंजुरी मागायला मला फारसं भांडावं लागलं नाही. तुमच्याकडं मंजुरी मिळत नसेल तर आधी रविवारी शेड बंद असताना लाईन भरून ठेवा, कॉम्प्रेसर बंद करा आणि गळतीमुळं रिसीव्हरचा काटा किती मिनिटांत खाली येतो ते लिहून काढा. तो कागद घेऊन साहेबांकडं जा.